देणाऱ्यांना वाट दाखविणारे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासाचे लिहून द्यावे, अशी चिटणीसबाईंची सूचना झाली. इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, लढाया आणि सनावळ्या हेच आपल्या मनात येते. मी निवडलेला विषय त्याहून साधा, पण आपल्या कामाच्या अगदी जवळचा आहे. आपल्या महाराष्ट्रात लोकांना विचारपूर्वक दान करावयास कोणी शिकविले आणि ते त्यांनी कसे साधले, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

हा विषय सुचण्याचे कारण मंडळाच्या मागील सभेतच घडले. मदतपेटीतील पैशांचे काय करावे यावर बरीच चर्चा झाली. काही भगिनींचे म्हणणे, नेहमीप्रमाणे आरेच्या पाड्यांवर साड्या आणि चादरी वाटाव्या. काहींचे म्हणणे, आधी पाड्यांवर जाऊन विचारून यावे आणि मग ठरवावे. तेव्हा नव्याने सभासद झालेल्या एका मुलीने मोकळेपणाने विचारले, "काकू, देणे ते देणे. त्यात शिकायचे काय असते?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

देण्याची हौस आपणां बायकांना कोणी शिकवावी लागत नाही. संक्रांतीचे वाण आपण लुटतो, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओटी भरतो, अधिक महिन्यात तेहतीस अनारसे देतो, आणि दारी वासुदेव आला तर सुपातले धान्य त्याच्या झोळीत घालतो. यांत गोडवा आहे, आणि तो मला सोडावयाचा नाही. परंतु या सर्व देण्यांत घेणाऱ्याची गरज काय, हा प्रश्न क्वचितच येतो. देणाऱ्याचे पुण्य, रीत आणि हौस यांना पहिले पाट असते. घेणाऱ्याची गरज पुढे आणून बसविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांची ही हकीकत आहे.

रमण्यातील दक्षिणा

पेशवाईत श्रावणमासी पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जात असे. दूरदूरचे विद्वान व भिक्षुक त्यासाठी जमत. १८१८ साली पेशवाई गेली, तरी दक्षिणेचा निधी इंग्रज सरकारने एकदम बंद केला नाही. त्यातील काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली.

खरा वाद मात्र १८४९ मध्ये झाला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्यासारख्या सुधारकांच्या पक्षाने सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेच्या पैशांतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन द्यावे. जुन्या मंडळींना हे फार लागले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी निघून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. या वादाचे महत्त्व मला असे वाटते, की पैसा तोच, निधी तोच, पण तो कोठे गेला असता अधिक लोकांचे हित होईल, हा प्रश्न मराठी माणसाने चारचौघांत उघडपणे विचारला. तो विचारताना दान थांबवा असे कोणी म्हटले नाही. फक्त त्याचे तोंड वळवा, असे म्हटले.

हिंगण्याची झोळी

यानंतरचा मोठा टप्पा विधवांच्या शिक्षणाचा. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्या वाचनाने व त्यांच्या व्याख्यानांनी हेलावलेल्या लोकांनी बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ काढले. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. गोदूबाई नावाची तरुण विधवा तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती. १८९३ साली प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला, आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांना गावाकडे बहिष्कार सोसावा लागला, ते सर्वश्रुत आहे.

१८९६ साली अण्णांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवावे, आणि उरलेला वेळ व श्रम आश्रमाला द्यावे, असा त्यांचा क्रम होता. लोकांपुढे हात पसरण्याआधी त्यांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून दिली. मागणाऱ्याने आधी स्वतः दिले आहे, हे दिसले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनातील अर्धी शंका तेथेच फिटते.

परंतु आश्रमासाठी गावोगाव हिंडण्याचे अवघड काम ज्यांनी केले त्यांत आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांचे नाव आपण बायकांनी तरी विसरू नये. १८७० सालचा त्यांचा जन्म. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा. वयाने मोठ्या झाल्यावर त्या हिंगण्यास शिकल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी मागू लागल्या. त्या काळी विधवेने चारचौघांत उभे राहून बोलणे हेच मुळी अघटित होते. पुढे १९१८ मध्ये इंग्रजी फारसे येत नसताना त्या अमेरिकेला गेल्या, तेथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. त्यांची "माझी कहाणी" १९२८ साली प्रसिद्ध झाली.

त्यांच्या मागण्यामागचा हिशेब सरळ होता. विधवेला एक दिवस जेवू घातले तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा परस्वाधीन. एक लुगडे दिले तर ते वर्षात विरते. तीच मुलगी शिकून शिक्षिका किंवा परिचारिका झाली, तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि आणखी मुलींना हात देते. हा हिशेब कागदावर लिहून पटत नाही. तो पटविण्यास तशी शिकलेली बाई समोर उभी असावी लागते. पार्वतीबाई स्वतःच त्या हिशेबाचे उत्तर होत्या. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लक्ष रुपये दिले. त्या मोठ्या देणगीच्या मागे वीस-पंचवीस वर्षे दारोदार जमविलेला लहान वर्गण्यांचा विश्वास होता, असे मी मानते.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. हिंगण्याच्या आश्रमाचे दार आरंभी उच्चवर्णीय विधवांपुरतेच उघडे होते. त्याच्या कितीतरी आधी, १८६३ साली, महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा ज्यांना समाजाने पूर्ण टाकले होते अशांचा विचार त्यांनी पहिला केला. आपल्या ओळखीच्या, आपल्या जातीच्या, आपल्या गल्लीतल्या माणसाला देणे सोपे असते. गरज सर्वांत मोठी कोणाची हे शोधून तेथे देणे अवघड असते, आणि तेच शिकावे लागते.

एक पैसा आणि एक मूठ

श्रीमंतांकडूनच दान घ्यावयाचे ही समजूत मोडली ती पैसा फंडाने. अंताजी दामोदर काळे यांनी ही कल्पना काढली, की प्रत्येकाने देशी उद्योगांसाठी वर्षातून निदान एक पैसा द्यावा. लोकमान्यांनी तिला पाठिंबा दिला. अशा पैशापैशांतून तळेगावला १९०८ च्या सुमारास काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाने कोणी गरीब होत नाही. पण ज्याने एक पैसा दिला तो कारखाना कसा चालला आहे याची चौकशी करू लागतो. दान लहान असले तरी त्या निमित्ताने माणूस कामात गुंततो, हा त्यातला लाभ.

मुठीची रीत तर घराघरांतल्या चुलीशी बांधलेली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवत. खेड्यापाड्यांतून मूठ-मूठ धान्य त्या मुलांसाठी येई. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक दागिना मोडला, आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. मंगळसूत्राची गोष्ट सांगताना आपले डोळे भरून येतात आणि ते योग्यच आहे. पण मुठीची गोष्टही तितकीच मोठी समजावी. मंगळसूत्र एकदाच मोडता येते. मूठ रोज काढता येते, आणि ज्या घरात मूठ निघते त्या घरातली मुले देणे म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय शिकतात.

खराट्यापासून आरंभ

देण्याविषयी लोकांचे मन वळविण्याची कला संत गाडगेबाबांइतकी कोणाला साधली नसेल. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या या माणसाला अक्षरओळखही नव्हती. आपल्या मुलीच्या बारशाला दारू व मटण यांची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातले, म्हणजे सुधारणा घरापासून केली. पुढे ते गावोगाव हिंडू लागले. गावात शिरले की आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडावयाचे, आणि रात्री कीर्तन करावयाचे. त्या कीर्तनात उपदेश थोडा आणि प्रश्न फार. कर्ज काढून तेरावे घालता का, देवापुढे बकरे मारून काय मिळाले, पोराला शाळेत का घालत नाही, असे ते विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. स्वतःच्या तोंडाने दिलेले उत्तर माणसाला सहसा नाकारता येत नाही.

त्यांच्या पद्धतीत आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली ही, की जे पैसे जमले त्यांतून दिसणारे, उपयोगाचे काम उभे राही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा, नदीवर घाट, आणि मुंबईत रुग्णांबरोबर आलेल्या नातेवाइकांसाठी निवारा. सासर-माहेर नसलेल्या शहरात रुग्णाजवळ रात्र काढावी लागली आहे तिलाच या निवाऱ्याची किंमत विचारावी. दुसरी गोष्ट ही, की त्या पैशांवर त्यांनी स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. सर्व विश्वस्तांच्या हाती दिले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले तेव्हा एवढ्या इमारती उभारणाऱ्या या माणसाची स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता चिंध्या आणि गाडगे एवढीच होती.

दुधाचा हिशेब

आता आपल्या आरेकडे वळू. १९४९ साली येथे दूध वसाहत वसली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरातील दाटीवाटीच्या गोठ्यांतून म्हशी येथे आणाव्या आणि मुंबईला स्वच्छ दूध मिळावे, हा हेतू. ज्यांनी ही योजना आखली ते दारा खुरोडी. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

आरे वसण्याआधीच, १९४६ मध्ये, खुरोडींनी टोन्ड दूध काढले होते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश फार. त्यात सायविरहित दुधाची भुकटी आणि पाणी योग्य प्रमाणात मिसळून स्निग्धांश कमी करावा, पण दुधातील बाकीचे सत्त्व राखावे, अशी ही युक्ती. तेवढ्याच म्हशींच्या दुधातून अधिक घरांना स्वस्त दूध मिळू लागले. हे दान नव्हे, हा सरकारी व्यवहार. परंतु दान करणाऱ्याने शिकावे असे त्यात फार आहे. आपल्याजवळ आहे तेवढ्यातच किती मुलांच्या पेल्यात दूध पडेल, हा प्रश्न त्या माणसाने आकड्यांनी सोडविला. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना निळसर टोन्ड दूध नावडत असे, "याला दूध म्हणायचे का?" असे त्या म्हणत, पण ज्या घरी मुळीच दूध येत नव्हते त्या घरचे मत वेगळे असणार.

आकड्यांचा असाच उपयोग आपल्या काळात गडचिरोलीत झाला. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे "सर्च" ही संस्था काढली. त्यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारले, तो कसा असावा. लोकांच्या सांगण्याप्रमाणे तो झोपड्यांच्या धर्तीवर उभा राहिला आणि त्यांच्या देवीच्या नावाने माँ दंतेश्वरी दवाखाना झाला. पुढे नवजात बालके का दगावतात याचा शोध घेऊन त्यांनी गावातल्याच बायकांना शिकविले: बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास कसा पाहावा, संसर्ग कसा ओळखावा व त्यावर काय करावे. त्यांनी ३९ गावांत हे काम केले आणि इतर ४७ गावांशी त्याची तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही घरपोच काळजी देशभर नेण्यात आली. तुलना केली नसती तर हे काम बरे वाटले असते, पण किती उपयोगी आहे ते कोणाला कळले नसते.

परदेशातही हाच विचार अलीकडे बळावला आहे. १९७१ साली पूर्व बंगालचे निर्वासित हाल सोशीत होते, तेव्हा पीटर सिंगर या तत्त्वचिंतकाने प्रश्न विचारला: समोरच्या डबक्यात मूल बुडत असता कपडे खराब होतील म्हणून आपण थांबू का? मग दूरचे मूल असले म्हणून कर्तव्य कमी कसे होते? त्याचा तो निबंध १९७२ मध्ये छापला गेला. पुढे २००९ साली ऑक्सफर्डला टोबी ऑर्ड यांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा सर्वांत उपयोगी कामाला देण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांची संस्था काढली. हिंगण्याची, साताऱ्याची वर्गणी ज्या समाजाने पाहिली आहे त्याला हे फार परके वाटू नये.

आपल्या पाड्यांपर्यंत

आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी अशांचे २७ पाडे आहेत. दूध वसाहतीच्या कितीतरी आधीपासून ही माणसे येथे राहत आहेत. पाहुणे आपण आहोत. दिवाळीच्या सुमारास शहरातून मोटारी येतात, कपडे आणि फराळ वाटतात, छायाचित्रे काढून परत जातात. गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर मी गेले असता एक म्हातारी म्हणाली, "ताई, चादरी तीन झाल्या घरात. पण रात्री पोर तापलं तर रिक्षा आत येत नाय, आन् आली तर पैसं कुठनं आणू?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला कोणी आजवर विचारले नव्हते, एवढेच.

यंदा सभेपुढे तोच निर्णय आहे. चौथी चादर द्यावयाची, की रात्रीबेरात्री दवाखान्यात नेण्यासाठी एक लहानसा कायमचा निधी ठेवावयाचा. कदाचित दुसऱ्या पाड्यावर वेगळीच गरज निघेल. म्हणून माझी सूचना अशी, की दोन-दोन भगिनींनी एकेका पाड्यावर जावे, तेथल्या बायकांशी बसून बोलावे, आणि मग सभेने ठरवावे.

नव्या सभासदांना या कामात कसे आणावे, याचे उत्तर वरच्या हकीकतींतच मला सापडते. त्यांना पहिल्याच दिवशी मोठी रक्कम मागू नये. संक्रांतीच्या वाणाला जेवढा खर्च होतो त्यातला निम्मा पेटीत टाका, एवढेच म्हणावे. उरलेल्या निम्म्यात तिळगूळ आणि हळदीकुंकू आनंदाने करावे. त्यांना पाड्यावर बरोबर न्यावे, म्हणजे व्याख्यान द्यावे लागणार नाही. दर तिमाहीला पेटीत किती आले, कोठे गेले आणि त्याने काय झाले, हे फळ्यावर लिहावे. जे साधले नाही तेही लिहावे. आणि ज्यांना अजून पटत नाही त्यांना टोमणे मारू नयेत. गाडगेबाबांनी लोकांना प्रश्न विचारले, पण आधी त्यांचे अंगण झाडले.

काही भगिनी म्हणतील, असा हिशेब मांडला की दानातला जिव्हाळा जातो. मला तसे वाटत नाही. घरात चार मुले आणि तीन भाकरी असल्या तर आई हिशेब करतेच. तिच्या मायेला कोणी कोरडी म्हणत नाही. तेच आपण चुलीबाहेर करावयाचे आहे.

येत्या सर्वसाधारण सभेस सर्व भगिनींनी अगत्य यावे, आणि येण्यापूर्वी निदान एका पाड्यावरील एका बाईशी बोलून यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या मंडळाला दीर्घायुष्य लाभो आणि त्याच्या हातून गरजवंतांपर्यंत पोहोचणारी सेवा घडो, ही वर्धापनदिनी सदिच्छा.